सांडोरच्या क्रुसासमोर एक मिनिट

प्रिय मार्सेल,

फोन केला की तू माझ्याच गुडघ्यांची चौकशी करून मला गप्प बसवतोस आणि फोन ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. हे तुला कापता येणार नाही. पहिली बातमी आधी घे: परवाच्या रविवारी मी शर्यतीचे एकवीस किलोमीटर पुरे केले. दोन तास चोपन्न मिनिटं! मुदत तीन तासांची होती. सरोजिनीने पदक टीव्हीच्या कोपऱ्याला अडकवलंय, त्यामुळे आमच्या घरात सध्या अर्ध्याच बातम्या दिसतात.

गेल्या वर्षीचं तुला सांगायला नको, तरी सांगतो, कारण माझा स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही. आपलं सांडोर पंधराव्या किलोमीटरला लागतं. त्याच्या अलीकडेच माझा दम संपला होता. पण तू सरावाच्या पहिल्या दिवसापासून मला पढवलेलं, की बाहेर कुठेही चाल, वाटलं तर रांग, पण आपल्या गावात चालायचं नाही, लोक बघतात. मग काय! क्रुसापाशी बँड वाजत होता, बायका केळी घेऊन उभ्या होत्या, सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या, आणि मी मागे पोलीस लागल्यासारखा हात हलवत गावातून सुटलो. गाव संपलं तसे दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. एका वाडीच्या कुंपणाला धरून बसलो, तो दमलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या बसनेच मला उचललं. तू तुझी शर्यत संपवून मला शोधत आलास, माझे पाय चोळून दिलेस आणि वर म्हणालास, गावात मात्र झकास धावलास हो. मला तेव्हा ते कौतुकच वाटलं.

मग होळीच्या आठवड्यात तुला झटका आला, डावी बाजू गेली, आणि टिफनी लेकीच्या हक्काने तुला तिच्याकडे नालासोपाऱ्याला घेऊन गेली. मी एकटा पडलो. सातिवलीच्या गोदामात दिवसभर उभं राहायचं, म्हणून सराव पहाटेच. चोपन्न वर्षांच्या पायांशी भांडून उपयोग नाही, एवढं त्या बसमध्ये बसल्या बसल्या कळलं होतं. म्हणून दहा मिनिटं धावायचं आणि एक मिनिट चालायचं असं ठरवलं. थकल्यावर नाही, थकायच्या आधीच. पाय महिनाभरात ऐकू लागले. पण गंमत बघ, गावात शिरलं की माझं ते एक मिनिट आपोआप गायब व्हायचं. अंधारात, रस्त्यावर एका कुत्र्याशिवाय कुणी नसतानासुद्धा! तेव्हा लक्षात आलं की दम वाढवून भागणार नाही, माझं खरं दुखणं वेगळंच आहे.

आणि शर्यतीत नेमकी त्याचीच परीक्षा झाली. बरोबर क्रुसासमोर, चालायचं मिनिट आलं म्हणून, मनगटावरचं घड्याळ वाजलं. क्षणभर जिवावर आलं, पण चाललो. बँडवाले बघत होते. लेस्टरच्या हातात माइक, तो काय सोडतो! अरे, सुधाकर बाजाराला निघाला, कुणीतरी पिशवी द्या रे त्याला, असं त्याने अख्ख्या सांडोरला ऐकवलं. सासूबाईंनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, आमच्या जावयाला काय झालं गं? माझी कानशिलं तापली. एवढं लांबलचक मिनिट मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. ते संपलं आणि मी पुन्हा धावू लागलो, बस्स. अठराव्या किलोमीटरला मेलरॉय भेटला, गावातून सुसाट गेलेला, आता कमरेवर हात ठेवून उभा. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे गेलो. शेवटची रेघ ओलांडताना मोठ्याने ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. भर रस्त्यात ढसाढसा रडलो मात्र, आणि त्याची जराही लाज वाटली नाही. संध्याकाळपर्यंत गाव माझं चालणं विसरूनही गेलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. टिफनी सांगते, तू काठी घेऊन घरातल्या घरात तीनशे पावलं चालतोस, पण खाली उतरत नाहीस. सांडोरचं नाव काढलं की म्हणतोस, डॉक्टर इथून जवळ पडतात. डॉक्टर वसईतही आहेत, मार्सेल. नालासोपाऱ्यात तुला कुणी ओळखत नाही, म्हणून तू तिथे राहिला आहेस. जिथे शर्यतीत कधी चालला नाहीस, तिथे सगळ्यांदेखत पाय ओढत कसं जायचं, हेच ना? तो नियम तुझा होता. मी तो मोडून आलोय, आणि माझं काही बिघडलेलं नाही. तू नसलास की मला गावात करमत नाही, हेही लिहून टाकतो, कारण तोंडावर मला ते जमणार नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला रिक्षा घेऊन तुझ्या बिल्डिंगखाली उभा राहीन. टिफनीला सांगून ठेवलंय. सांडोरला उतरू आणि तिथल्या तुझ्या घराच्या दारापासून चर्चपर्यंत आपण दोघं पायी जाऊ, मिस्साच्या आधी, सगळं गाव रस्त्यावर असतं तेव्हा. अर्धा तास लागला तर लागू दे. दाढी करून तयार राहा.

तुझाच,
सुधाकर