सेल्फीमागचं टाकं

मंगळवार, संध्याकाळ. स्लाऊ, इंग्लंड.

ट्युनिशियाहून येऊन दोन दिवस झाले, पण केलिबियाचा किल्ला काही डोक्यातून जात नाही. अगदी समुद्रावरच्या टेकडीवर आहे. बायझंटाइन, स्पॅनिश, तुर्क, सगळे तिथे राहून गेलेत. सासूबाई तरुणपणी दर रविवारी कुठला ना कुठला गड चढायच्या. तरी मी त्यांना खाली कॅफेतच बसवलं. "आई, ऊन आहे, तुम्हाला नाही झेपणार." खरं तर मलाच पटकन जाऊन यायचं होतं.

खाली आल्यावर त्यांनी एकच विचारलं. "वर पाण्याचं टाकं आहे का गं? मी गडावर आधी टाकंच शोधायचे."

मी बघितलंच नव्हतं. तरी म्हणाले, "नाही हो, नुसत्या भिंती."

"मग नाही चढले तेच बरं."

आज फोटो चाळताना माझ्या सेल्फीत मागे टाकं दिसलं. चांगलं मोठं, दगडी. आई शनिवारी पुण्याला परत जातायत. आत्ताच किचनमधून म्हणाल्या, "किल्ल्याचे फोटो पाठव ना." सांगून टाकावं का? पण मग त्या काय म्हणतील, किंवा काहीच म्हणणार नाहीत...

सगळे पाठवले. त्या एका फोटोतलं टाकं मात्र आधी क्रॉप केलं.