मिशांचा शार्क

३ फेब्रुवारी, सोमवार
आज पुन्हा डोकं आपटलं मेल्याने काचेवर. निम्मं पाणी माझ्या अंथरुणात! टाकी ठेवायला माझ्या खाटेजवळचीच जागा सापडली यांना. या परमुलखात, बनी पार्कात भाड्याच्या दोन खोल्या, चार माणसं, त्यात हा मासा पाचवा. वर्षापूर्वी नातीने आणला तेव्हा दोन बोटांचा होता. आता माझ्या हाताएवढा झालाय.

दुकानवाल्या भैयाने रुचिताला सांगितलं, शार्क आहे. शार्क! अंगावर खवलं नाही, तोंडाला मिशा — आणि शार्क! आम्ही ढिवर, वैनगंगेकाठचे. चौथीत शाळा सुटली, पण जाळ्यातले मासे निवडायला कोणी शिकवावं लागलं नाही मला.

"आज्जी, नेटवर पण त्याला शार्कच म्हणतात."
"म्हणू दे. तुझ्या बापाला शेजारी साहेब म्हणतात. झाला का तो साहेब?"

५ फेब्रुवारी, बुधवार
पोट्टी म्हणते, खरे शार्क नदीतही शिरतात. समुद्र सोडून नदीने वर, पार गोड्या सरोवरापर्यंत. मी म्हटलं, थापा मारू नको. तिने मोबाईलवर दाखवलं — कुठल्या लांबच्या देशातलं सरोवर, त्यात हे एवढं धूड.

"मग तिथेच मरतात?"
"नाही गं. मतलब, परत पण जातात समुद्रात."

बरं आहे त्यांचं! अर्ज करावा लागत नाही. माझ्या पोराचा, प्रकाशचा, नागपूरच्या बदलीचा अर्ज चार वर्षं रेल्वेत पडून आहे. मला दिवाळीला चार दिवस गावी, पवनीला नेतात, पाहुणीसारखं. नदीत पाय बुडवते न बुडवते तोच परतीची गाडी. याला काय घरी जाणं म्हणतात?

८ फेब्रुवारी, शनिवार
सूनबाई आदर्श नगरच्या पंडितजींकडे जाऊन आल्या. उपाय काय — घरातला जिवंत मासा शनिवारी तळ्यात सोडायचा. सोडणार कोण? तर घरातलं सगळ्यात मोठं माणूस. म्हणजे मीच! मग बदली होणार म्हणजे होणारच.

मी म्हटलं, नाही सोडणार.
मंजुषा म्हणे, "काहून आई? पुण्याचं काम आहे. जलमहालाच्या तळ्यावर लोक माशांना रोज आटा घालतात."
"आटा घाला की! परक्या पाण्याचा मासा काहून घालता?"

आमच्या गावच्या तळ्यात ठेकेदाराने बाहेरचा मांगूर सोडला होता. लवकर वाढतो म्हणे. तीन वर्षांत मरळ गेली, शिंगी गेली, बाम तर दिसेनाशी झाली. जाळं ओढलं की नुसता मांगूर, आणि त्याला बाजारात कोणी विचारेना. प्रकाशचे बाबा जाळं सोडून नागपुरात विटा वाहायला गेले. तिथेच खोकून मेले.

"अहो आई, एका माशाने काय होतं?"
ठेकेदारही हसूनच बोलायचा.

९ फेब्रुवारी, रविवार
मी म्हटलं, आणा इकडे, चिरते आणि झणझणीत रस्सा करते. घरात रडारड! प्रकाशच्याही डोळ्यात पाणी. ढिवराचा पोरगा!!

१२ फेब्रुवारी, बुधवार
या घरात अक्कल एकट्या पोट्टीला. तिने कुठेतरी वाचलं — पाळलेले मासे सोडले की तळ्यातल्या माशांचा घास जातो, रोग पसरतात. बापाला तोंडावर म्हणाली, "आज्जी बरोबर आहे." आणि माणूसही शोधला. तिच्या मैत्रिणीचा काका, अनिमेष. सी-स्कीममध्ये त्याच्या ऑफिसात भिंतीएवढी टाकी आहे. रविवारी मासा न्यायला गाडी घेऊन येतो म्हणाला.

"आज्जी, आपण एका टीममध्ये."
टीम म्हणे! हात दे म्हणाली, दिला.

मंजुषाने भांडी आपटली दिवसभर. आपट बापा, तुझीच आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बदल्यांची यादी सोमवारी निघणार. मंजुषा तीनदा बोलून गेली, उद्या शेवटचा शनिवार. मी ऐकलंच नाही असं केलं.

संध्याकाळी प्रकाश खाटेवर येऊन बसला. याला बोलायचं असलं की आधी नखं कुरतडतो.
"आई, मला इथे काही कमी नाही. रुचिताची शाळाही चांगली आहे. अर्ज तुझ्यासाठी केला होता."
"मी सांगितलं होतं का?"
"झोपेत बोलतेस. घाट, डोंगा वल्हव, काय काय."

गाढव कुठला! झोपेतलं कोणी ऐकतं का?

१५ फेब्रुवारी, शनिवार
सोडला. माझ्या हाताने. प्रकाशच्या स्कूटरवर मागे बसून, बादली मांडीत धरून गेले. रुचिता शाळेत होती. तिला सांगायचं, मेला.

पाण्यात घातल्यावर जरा वेळ तसाच थांबला. हात घालून धरता आला असता. मग खाली गेला.

शेजारी एक जण आटा टाकत होता. हात जोडून म्हणाला, "माताजी, बड़ा पुण्य मिलेगा."

मी हो म्हटलं.