बाबांनी आत घेतलेले पाहुणे

नारीन

प्रिय नुरझात,

तुला आणि आयपेरीला पुष्कळ आशीर्वाद. आपला कॉम्प्युटर इतका शहाण्यासारखा वागतोय की त्याची दृष्ट काढावीशी वाटते. काल रविवारी नात पडद्यावर दिसली ती अगदी लख्ख, पुढचे दात पडलेली, बोळकं पसरून हसणारी. इतके रविवार तिच्या तोंडावर लॉटरीच्या नि वजन उतरवायच्या जाहिराती नाचत होत्या. शेवटी तर ती दिसेनाशीच झाली होती. आमच्या बटणांच्या फोनवर आवाज येतो गं, पण पोर केवढी झाली ते आवाजावरून कुठे कळतं?

हे सगळं तुझ्या सासऱ्यांमुळे. पडद्यावर चौकट उमटून काही विचारू लागली, की हे लगेच ‘होय’ दाबणार. मी कावले तर म्हणतात, “अगं, दारात आलेल्याला नानचा तुकडा मोडल्याशिवाय आपण कधी परत पाठवलंय का?” तू फोनवर हसत सुटलीस. “बाबा, हे तुकडा मोडून जाणारे नव्हेत, चुलीपाशी अंथरूण टाकणारे आहेत!” तेव्हा कुठे त्यांना पटलं.

बाजारातला दुकानदार म्हणाला होता, सगळं पुसून नवं भरून देतो. सगळं म्हणजे आपल्या एर्मेकचं गाणंसुद्धा, आयपेरीला मांडीवर घेऊन म्हटलेलं. मी मशीन उचललं आणि तडक घरी आले. मग तूच शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवून दमून घरी यायचीस आणि फोन कानाला लावून मला शिकवत बसायचीस. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर मी वाचायची, तू सांगशील तिथे दाबायची. यादीतून जाहिराती आणणारा तो प्रोग्राम काढला, मी खुशीत चहा टाकायला उठले, तर मशीन पुन्हा सुरू झाल्याबरोबर मेला परत हजर! मी रडकुंडीला आले. तू म्हणालीस, “आई, नुसतं हाकलून भागत नाही. मागे ठेवलेलं सामान शोधू, मशीनबरोबर आपोआप जागं व्हायची त्याची सोय मोडू, ब्राउझरला चिकटलेलं शेपूटही काढू.” फोल्डर शोधताना मी एर्मेकचं नाव वाचलं, तशी केवढ्यांदा ओरडलीस, “आई, हात काढा! ते राहू दे.” मग मी पुढचं नाव वाचलं.

आई-मुलीत आभार मानू नयेत म्हणतात, पण मी मानते. एर्मेक गेल्यावर तू पाठ फिरवली असतीस तरी कुणी तुला बोल लावला नसता. तू दर रविवारी आमची नात आमच्यापुढे आणून बसवलीस. त्यावरच आमचे आठवडे निघाले, बाई.

काल आयपेरी बोलण्याच्या ओघात म्हणून गेली, “आजी, आईचं लग्न आहे! दानियारकाका मला सायकल देणारेत.” मागून तू तिला ओढलंस आणि चित्र गेलं. मशीन बिघडलं नव्हतं, हे मला आता कळतं. तू का लपवलंस तेही कळलं. आपल्याकडे पोर बापाच्या घराण्याची. विधवा सून दुसऱ्या घरी निघाली, की नातवंडं उचलून आणणारी माणसं तूही पाहिली आहेस. बातमी फुटायला वेळ लागत नाही. आज सकाळीच ह्यांचे थोरले भाऊ येऊन बसले. “पोरीला घेऊन या, आपलं रक्त आहे.” तुझ्या सासऱ्यांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि सांगितलं, “रक्त आपलं असेल, पण पोर तिच्या आईची आहे. तिथेच राहील.” भाऊ चहा न पिता गेले. जाऊ देत.

एवढ्यासाठीच हे पत्र, फोनवर मला धड बोलता आलं नसतं. तू भिऊ नकोस, लग्न कर. तुझी आई तुझ्या लहानपणीच गेली, तेव्हा मुलीकडची माणसं म्हणून तुमच्या ओश शहरात आम्ही दोघं येतोय. दानियारच्या आईला सांग, नवरीच्या डोक्याला पांढरा रुमाल त्यांनीच बांधायचा, तो त्यांचा मान. पण पाठवणीचं रडगाणं मी म्हणणार. मागच्या वेळी मी नवऱ्याकडची होते, मला रडता आलं नाही. या वेळी लेक सासरी चाललीय, पोटभर रडून घेणार आहे.

तुझीच आई,
बुरुलकान