उसना डावा हात

बाई, परवा एका मुलाखतीत मी तुम्हाला सरळ पुसून टाकलं. एक तरुण आला होता, जुन्या वादकांवर काहीतरी लिहितोय म्हणे. प्रश्न असे विचारत होता, जसा काही मी परीक्षेला बसलोय. रेकॉर्डिंगबद्दल काय वाटतं, दुसऱ्यांबरोबर वाजवण्याबद्दल काय वाटतं, संगीत शिकावं कसं. मी आपला सुटलोच. म्हटलं, अरे बाबा, आमच्या वेळी चाळीस माणसं एका खोलीत बसायची आणि एकाचा हात घसरला की चाळीसही जणांना पुन्हा पहिल्यापासून. शिव्या बसायच्या, पण माणूस माणसाकडे बघून वाजवायचा. आता मी सोमवारी जाऊन माझं वाजवून येतो, तबलेवाला गुरुवारी येतो, गायक कधी येतो ते त्याच्या देवाला ठाऊक. एकाच गाण्यात आहोत आणि एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही! तो खूश होऊन भराभर लिहून घेत होता. मग त्यानं विचारलं, तुमचे गुरू कोण? आणि माझ्या तोंडून फटकन निघून गेलं, कोणी नाही, आपलं आपण शिकलो. त्यानं तेही लिहून घेतलं.

खोटं बोललो का, ते मला अजून कळत नाही. म्हणून लिहायला बसलोय. हे पत्र टाकायला पेटी कुठली, तेवढी अक्कल मला आहे. पण डोक्यात जो गुंता झालाय तो दुसऱ्या कोणाला सांगून समजणारही नाही.

तेव्हा आपला भाग पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. मी वीस वर्षांचा, मॅट्रिकला गचकलेला, नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनात कामगारांची हजेरी मांडणारा. केसांत, भुवयांत, कानात कापूस. संध्याकाळी सुटून खोलीवर जाताना चर्चच्या आवारावरून जायचो, आणि आतून पायपेटी ऐकू यायची. आमच्या गावात भजनाची पेटी होती, पण हा आवाज वेगळा होता, जमिनीतून आल्यासारखा. आठवडाभर मी फाटकाशी उभा राहिलो. आठव्या दिवशी तुम्ही बाहेर आलात आणि म्हणालात, "रोज उभा असतोस. काही हरवलंय का?" मी म्हटलं, "बाई, माले शिकाडा." मग जीभ चावून शाळेतल्या मराठीत म्हटलं, "मला शिकवा." तुम्ही हसलात. नगरकडच्या तुम्ही, आमची अहिराणी तुम्हाला गोड वाटायची की हसू यायचं, कोण जाणे. म्हणालात, "शिकवणार नाही. पण बसायला ये."

पहिला महिना बोटाला पट्टी लागू दिली नाहीत. बाकावर उजवीकडे तुम्ही, डावीकडे मी. भात्याच्या दोन पायट्या, उजवी तुमची आणि डावी माझी. एक खाली गेली की दुसरी वर. माझा पाय घाईत पडला की सूर फुगायचा आणि लगेच मरायचा, तुम्ही न बघता म्हणायचात, "मी इथे बसलेय, विसरलास." बस, एवढंच. असे तीस दिवस! मी खोलीवर जाऊन चिडायचो, ही काय शिकवणी आहे का पाणी शेंदणं? मग एक दिवस पदराखालचा डावा हात दाखवलात आणि म्हणालात, "हा गेलाय. खांद्यापासून जीवच नाही. रविवारच्या उपासनेला माझा डावा हात तू हो." माझं मन कसं भरून आलं होतं, काय सांगू. आपल्यावाचून कोणाचं अडतंय, असं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

चार वर्षं मी तुमचा डावा हात होतो. खालचे सूर माझ्याकडे, चाल तुमच्याकडे. माझी एक खोड होती. एका सुरावरून लांबच्या सुरावर जायचं तर मी मधल्या पट्ट्या चाचपत जायचो. तुम्ही कावायचात, "असा रांगत जाऊ नकोस. सरळ उडी मार." मी दोन दिवस उडी मारायचो, तिसऱ्या दिवशी पुन्हा रांगायचो.

एका नाताळला माझी फुई, म्हणजे आत्या, सारंगखेड्याहून बघायला आली होती, पोरगा बाटला की काय म्हणून. मागे बसून सगळं ऐकलं आणि मधेच माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "बाई वाजाडी ऱ्हायन्यात, तू ते नुसता बठेल शे. मन्हा कानवर तुन्हं काहीच ऊनं नही." कुजबुज कसली, अख्ख्या चर्चनं ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र गोड हसून म्हणालात, "आत्याबाई, हे शेवटचं गीत ऐकून जा." आणि मला हळूच, "दुसऱ्या कडव्याला हात उचल." मी उचलला. काय झालं ते अजून दिसतं मला. पाळकसाहेबांचा आवाज डगमगला, बोर्डिंगच्या मुली अर्धा सूर खाली घसरल्या, पुढच्या रांगेतले चर्चचे पंच मान वळवून दाराकडे बघायला लागले, जशी काही भिंत पडली. फुई म्हणाली, "आरे, काय व्हयनं?" तुमचा उजवा हात बिचारा एकटाच वर नाचत होता. तिसऱ्या कडव्याला तुम्ही कोपरानं ढोसलंत, मी परत हात ठेवला आणि सगळे ताळ्यावर आले. पुढे स्टुडिओत कोणी म्हणालं की तुझं ऐकू येत नाही, तर मी कधी वाद घातला नाही. एक टेक न वाजवता बसून राहायचो. बास.

पण तोच नाताळ उलटून महिना झाला नाही आणि तुम्ही माझा अपमान केलात. हो, अपमानच. दुपारी चर्च रिकामं होतं, मी दोन्ही हातांनी एक चाल वाजवून बघत होतो. बरी लागत होती हो! तुम्ही आलात, काही न बोलता झाकण खाली घेतलंत, माझी बोटं जेमतेम वाचली. म्हणालात, "उजवा हात मांडीवर. ह्या पेटीवर तुझा उजवा हात मला पुन्हा दिसता कामा नये." का? विचारलं तर म्हणालात, "मी सांगते म्हणून." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तुम्ही खिडक्या लावत होतात.

मग ते टेपचं. मिशनचे कोणी पाहुणे जीपमधून मशीन घेऊन येणार होते, बोर्डिंगमधल्या नवापूरकडच्या मुली त्यांच्या घरच्या बोलीत गीतं म्हणायच्या ती उतरवून घ्यायला. दोन महिने आपण तयारी केली. मी फुईकडून नवा सदरा शिवून आणला. आणि आदल्या संध्याकाळी तुम्ही फाटकातच मला थांबवून म्हणालात, "उद्या तू येऊ नकोस. मी सांभाळते." म्हटलं, "एका हातानं?" म्हणालात, "सांभाळते म्हटलं ना." मी तसाच फिरलो. दुसऱ्या दिवशी मी जिनात हजेरी मांडत बसून होतो, जीप आली आणि गेली. पंधरा दिवसांत मी मुंबईला निघून गेलो. तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही.

मुंबईत आधी एका गोवेकराच्या बँडमध्ये मोठा उभा बेस, माणसाएवढं खर्जाचं वाद्य, ओढत फिरलो, मग बासष्ट-त्रेसष्टला बेस गिटार आली. नवीन वाद्य, वाजवणारे चार-दोन, मला काम मिळत गेलं. आणि काम मिळालं कशावर, सांगू? त्या रांगण्यावर. अरेंजर म्हणायचे, तू एका सुरावरून दुसऱ्यावर चालत जातोस ना, ते ठेव. मला हसावं की रडावं कळायचं नाही. तुम्ही गेल्याचं फुईनं कोणाकडून तरी लिहून घेतलेल्या कार्डातून कळलं. त्या दिवशी दोन रेकॉर्डिंग होती. मी दोन्हीला गेलो.

आता परवाचं. मुलाखत संपल्यावर त्या तरुणानं पिशवीतून कॅसेट काढली. म्हणाला, तुम्ही नंदुरबारचे ना, तिकडची जुनी टेप कोणीतरी जपून ठेवली होती, तिच्यावरून ही केली. लावली. मुली गायला लागल्या आणि खाली पायपेटी. बाई, दोन हात होते. डावा चांगला खणखणीत, जीव असलेला. आणि तो रांगत होता. सरळ उडी नाही, मधल्या पट्ट्या चाचपत, अगदी माझ्यासारखा. परवा हे पहिल्यांदा ऐकलं आणि मी खुर्चीत खिळून बसलो. तरुण म्हणाला, बरं नाही का? म्हटलं, पाणी दे.

त्या मुलींपैकी एकीचा पत्ता त्याच्याकडे होता. नवापूरजवळ असते, नर्स होती, आता निवृत्त. तिच्या मुलाच्या दुकानात फोन केला. मी विचारलं, बाईंचा डावा हात बरा कधी झाला? ती म्हणाली, "बरा व्हायला बिघडला कधी होता? बाई रोज सकाळी आमच्या सगळ्यांच्या वेण्या घालायच्या, दोन्ही हातांनी. त्यांचा हात फक्त तुम्ही आलात की जायचा." आणि हसली. पंचांनी म्हणे ठरवलं होतं, मंडळीबाहेरच्याला, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्याला, पेटी शिकवायची नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, शिकवत नाही, माझा हात गेलाय, म्हणून एक हात उसना घेतलाय. हात म्हणून बसवा, पण डावाच, असं पंच म्हणाले. पाहुणे यायचे होते तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, बाहेरचा नको. मी विचारलं, मग बाईंनी दोन्ही हातांनी वाजवलेलं पंचांना दिसलं नाही? "दिसलं की! बाई म्हणाल्या, देवानं आजच्यापुरता परत दिलाय. आम्ही मुली तोंडात पदर कोंबून हसत होतो." म्हणजे चर्चमधल्या पोरीसोरींनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मला!

मला कळत नाही बाई, मी चिडू की पाया पडू. चार वर्षं आठवड्यातून तीन संध्याकाळी शेजारी बसून तुम्ही तो हात एकदाही हलू दिला नाहीत. माशी बसली तरी उजव्या हातानं हाकलायचात. माझ्यासाठी एवढं केलंत म्हणावं, तर मला एका शब्दानं सांगितलं का नाहीत? मी तापट होतो, पंचांशी भांडलो असतो, म्हणून? की खरंच तुम्हाला एक हातच हवा होता, शिष्य नको होता? "शिकवणार नाही" असं तोंडावर सांगून जे दिलंत त्याला काय म्हणायचं? माझा उजवा हात आजही अडाणी आहे, दोन्ही हातांनी साधी आरती वाजवता येत नाही मला. तो राग खरा आहे. आणि माझं रांगणं तुम्ही टेपवर का ठेवलंत? मला रागवायचात त्यासाठी! सवय लागली होती, की मला आत घ्यायचा तेवढाच मार्ग उरला होता? काल रात्री म्हटलं, हे दुसरंच खरं. आज सकाळी म्हटलं, म्हाताऱ्या, फार शहाणा होऊ नकोस. तो तरुण रविवारी मजकूर वाचून दाखवायला येणार आहे. "कोणी नाही" ठेवायचं की खोडायचं, हे तेवढ्यात ठरवायला हवं.

आणि एक, हे लिहायचं नव्हतं. टेपच्या दिवशी मी जिनात नव्हतो. नवा सदरा घालून चर्चच्या मागच्या भिंतीशी उभा होतो, खिडकीखाली. सगळी गीतं ऐकली. दोन्ही हात तेव्हाच ऐकले, माझं रांगणंही तेव्हाच ऐकलं. परवा पहिल्यांदा ऐकलं असं वर लिहिलंय ते खोटं आहे. मला वाटलं, हिनं चार वर्षं माझी गंमत केली, हिला माझी गरज कधी नव्हतीच. टेप संपली, मुली बाहेर पळाल्या, तुम्ही एकट्याच आत झाकण पुसत होतात. दार उघडं होतं. आत येऊन एवढंच विचारायचं होतं, का. मी विचारलं नाही. तुम्ही म्हणाल की हो, तुझी गरज नव्हती, याची भीती वाटली मला.