ठमीच्या पानावरचा नंबर

३ ऑगस्ट

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिले गेले, खरं तर तुला दोन धपाटे घालायचे आहेत. पत्र अशासाठी की फोनवर तोंड उघडलं तर पलीकडच्या खोलीत भाऊला शब्द न् शब्द ऐकू जातो, आणि तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

भाऊ महिनाभर चष्म्याच्या दुकानात गेलेला नाही. पडदा ओढून पलंगाच्या कडेला बसून असतो. परवा काचा घासायची आपली सगळी हत्यारं शेजारच्या घड्याळवाल्याला देऊन आला. आता मला लागणार नाहीत, एवढंच म्हणाला. तेव्हापासून लाँड्रीत इस्त्री धरली तरी लक्ष घरीच असतं. एका गिऱ्हाइकाचा शर्ट जाळून ठेवला.

तुला सांगितलं तर तू काय पाठवलंस? तुमच्या आरोग्य खात्याच्या वेबसाइटवरचं, तू स्वतः बनवलेलं पान! मन मोकळं करा म्हणे, आम्ही ऐकतोय. वर हसऱ्या बाईचा फोटो. दुपारी शटर अर्धं ओढून त्यातल्या एकेका संस्थेला फोन लावत बसले. एकीकडे नुसतं संगीत वाजतंय. दुसरा नंबर अस्तित्वातच नाही. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत दिलेला, तो निघाला फरशांच्या दुकानाचा! तो माणूस माझ्यावरच खेकसला, की रोज कुणी ना कुणी रडत फोन करतं, तुमच्या साइटला तीनदा कळवून झालं, रडायचं तर दुसरीकडे जाऊन रडा.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला! तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

लोभ आहेच, आज रागाखाली सापडत नाही एवढंच.

तुझी ताई

७ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून जीव घाबरला आणि डोकंही फिरलं. पान माझं आहे, पण नंबर त्या त्या संस्था देतात. दर सोमवारी मी एकूण एक लिंक उघडून बघते, उघडली की हिरवी खूण करते. सगळ्या खुणा हिरव्या आहेत. अख्ख्या खात्याच्या साइटला आम्ही दोघीजणी. फरशीवाल्याची तक्रार माझ्यापर्यंत आलेलीच नाही.

आणि बोलायचंच तर, भाऊला कावीळ झालीये असं गावभर कुणी सांगितलं? त्याच्या मालकाने कावीळ ऐकून फळं पाठवली, ती तू भाऊच्या देखत हसत घेतलीस. झाकली मूठ ठेवायची तुला, आणि बोंब माझ्या नावाने!

हत्यारांचं मात्र मला साधं वाटत नाही. त्याला एकटं सोडू नकोस. मरावंसं वाटतंय का, हे सरळ विचार. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरत नाही, हे आमच्या पानावर लिहिलंय आणि तेवढं तरी खरं आहे. दवाखान्याचं फोनवर सांगितलंच आहे, आता चालढकल नको.

चिडलेली असले तरी तुझीच,
ठमी

११ ऑगस्ट

चि. ठमीस,

आशीर्वाद. विचारलं बाई. घडी घातलेले कपडे छातीशी धरून त्याच्या दारात उभी राहिले आणि विचारलं. त्याने माझ्या हातातले कपडे घेऊन पलंगावर ठेवले. मग हो म्हणाला. तशीच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई भली आहे, घाई नाही केली. औषध चालू झालंय, गुरुवारी पुन्हा बोलावलंय. मी त्याच्या खोलीतच झोपते.

आता पुढचं बसून वाच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की याआधी कुणाकडे मदत मागितली होती का. भाऊ म्हणाला, एकदा फोन केला होता. तुझ्या पानावरच्या, सगळ्यात वरच्या नंबरावर! एका दमात सगळं बोलून टाकलं म्हणे, आयुष्यात कुणाला बोलला नाही ते. पलीकडच्या कुणा पोराने ऐकून घेतलं आणि विचारलं, की फरशी स्वयंपाकघरासाठी हवीये की बाथरूमसाठी. दुसऱ्या दिवशी भाऊ हत्यारं देऊन आला.

मला का नाही सांगितलंस म्हणून मी तिथेच ओरडले. तर म्हणाला, पान आपल्या ठमीचं आहे, तिच्या नोकरीवर बालंट नको. स्वतःच्या जिवावर उठलेला माणूस तुझी नोकरी सांभाळत बसला होता गं! घाल त्या हिरव्या खुणा चुलीत.

काविळीचं बोललीस ते लागलं. मालकाला जाऊन खरं काय ते सांगून आले.

राग ओसरला की लोभाचं बघू.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र आलं आणि मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून रडले. मग वर जाऊन पहिल्यांदा स्वतः एकेक नंबर फिरवला. लिंक उघडते का एवढंच मी बघत आले. फोन कुणी उचलतं का, हे कधी बघितलंच नाही. उचलणारे मोजकेच निघाले. फरशीवाल्याची तक्रारही सापडली, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या इमेलच्या पेटीत पडून होती. त्या दुकानदाराची फोनवर माफी मागितली, तो नुसता हुं म्हणाला.

साहेबांना म्हटलं, बाकीचे नंबर काढू या. तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात वरचे लोक बघायला येणार, पान भरलेलं दिसू दे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना न विचारता सगळे उडवले. माणूस उचलतो तेवढेच ठेवलेत. नोकरीचं व्हायचं ते होईल.

शनिवारी येते. भाऊला तोंड कसं दाखवू, ते तूच सांग.

तुझी ठमी

१७ ऑगस्ट

चि. ठमीस,

आशीर्वाद. ताई तुझी पत्रं फ्रिजवर ठेवते. मला वाचता येतं, हे तुम्ही दोघी विसरलात.

मला तुमचा भयंकर राग आलाय. एकीने मला कावीळ दिली, दुसरीने फरशा. डॉक्टरीणबाई म्हणतात राग येतोय हे बरंच आहे. त्यांना काय जातंय!

तुझं नवं पान उघडून वरचा नंबर लावला. एका बाईने उचलला. मला काही बोलायला सुचलं नाही. ती घाई न करता थांबून राहिली. मीही फोन ठेवला नाही.

शनिवारी आलीस की आधी घड्याळवाल्याकडे जा आणि माझी हत्यारं परत माग. दिलेली वस्तू मागायला मला लाज वाटते, आणि ताईला पाठवलं तर ती भांडून येईल. बारकी कानस नीट बघून घे. त्याने वापरून बोथट केली असेल तर मी त्याला सोडणार नाही.

भाऊ