चौकशी चालू आहे

मंगळवार, दुपार

चि. पोपट यास,
आजीचे आशीर्वाद, आणि सोबत कानाला एक पीळ.

गुडघे कुरकुरतात, तोंड चालतंय. पत्र नेहमीप्रमाणे शेजारची मावशीच लिहून देतेय. मी म्हटलं, "आज राहू दे, दुसऱ्या कुणाला सांगते." तर म्हणाली, "घरात बसून तरी काय करू, आजी? सांगा तुम्ही."

टीव्हीवर पाहिलं तुला. गणवेश कडक, भांग सरळ. लहानपणी बडबड्या म्हणून पोपट नाव ठेवलं, तर तू लष्कराचा प्रवक्ताच झालास! मी मिरवायची, "आमच्या पोपटाला बोलायचा पगार मिळतो." आता कुणी तुझं नाव काढलं की मी भाजी निवडायला घेते.

अरे, तुमचा लष्कराचा ट्रक उलटला, चालवणारा आपला गुंड्या गेला, त्याला तासही झाला नव्हता. आणि तू सांगतोस, "चालकाचा निष्काळजीपणा." कुणी पाहिला रे? त्या बातमीदार पोरीने विचारलंही, "चौकशी झाली का?" तर तू पाणी प्यायलास. खोटं बोलताना तुझा घसा सुकतो, हे तिला ठाऊक नाही, मला आहे. "चौकशी चालू आहे" म्हणताना काय जीभ झडली असती? नोकरी लागली तेव्हा तूच मला शिकवत होतास, "आजी, माहीत नाही ते आम्ही बोलत नाही आणि माहीत आहे ते फिरवत नाही." साहेबांनी लिहून दिलं, मी वाचलं, असं म्हणशील. मग तुझ्यापेक्षा भोंगा काय वाईट होता?

मावशी विचारतेय, "हे सगळं लिहू?" लिही बाई, काही गाळू नकोस.

आता पुढचं. आठ दिवस घशात अडकलंय. हिला तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून तुला लिहून सांगतेय. टीव्हीवर बोललास त्याच संध्याकाळी फोन करून तू रडलास. म्हणालास, "आजी, ब्रेक लागत नाही अशी तक्रार गुंड्यानेच केली होती, दोनदा. मी स्वतः वाचलीय. कुणाजवळ बोलू नकोस."

पोटच्या पोराची ती तक्रार लिहून मावशीने पेन खाली ठेवलं. मी पाणी दिलं, घेतलं नाही. पेन पुन्हा उचलून म्हणाली, "पुढे सांगा."

लोक तिला विचारतात, "गाडी फार जोरात हाकायचा का हो तुमचा?" ती मान खाली घालते. का, तर टीव्हीवर पोपट म्हणाला. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. मी म्हणतेय 'होता' असं लिही, तर ही 'आहे'च लिहितेय.

तेव्हा त्याच कॅमेऱ्यापुढे, त्याच गणवेशात उभा राहा आणि वाचलंस ते सांग. हाकललं तर घरी ये, दोन घास मिळतील. तोवर फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

सही येत नाही, म्हणून अंगठा उमटवते. शेजारी साक्षीदाराची सही आहे.

तुझी,
आजी

साक्षीदार: गुंड्याची आई