जिभेवरचा दुसरा ठिपका

माय, तुझ्या नातीनं जीभ टोचून घेतली.

नागपूरला नोकरीला लागल्यापासून ती सुट्टीला अहेरीला येते तेव्हा घर डोक्यावर घेते. या खेपेला आली ती तोंडाला कुलूप लावून. मी आपली एकेक तर्क करत बसले. नोकरी गेली असेल, कुणाशी बिनसलं असेल, नाहीतर कुणाशी जमलं असेल आणि सांगायचा धीर होत नसेल. दुपारी कोथिंबिरीची सांबारवडी केली, तिच्यासाठी मुद्दाम. जी पोरगी कढईतून वड्या पळवायची, तिनं ताट बाजूला सरकवलं आणि गार दहीभात कालवून घेतला. घास तोंडात इकडून तिकडे फिरवत जेवत होती, आणि शब्द असे जड बाहेर पडत होते जसं काही तोंडात सुपारी आहे. मी तिला दंडाला धरून खिडकीपाशी उजेडात नेलं. "तोंड उघड." "आई, ओरडू नको नं आधी." "उघड म्हटलं नं." तिनं जीभ बाहेर काढली. सुजून जाड झालेली, आणि बरोबर मधोमध चांदीसारखा चकचकीत मणी.

मग मी ओरडलेच. शाळेत शिकवून शिकवून माझा आवाज आता कसा झालाय ते तुला ठाऊक नाही, शेजारचे दार उघडून बघतात. काय सोंग आहे हे, लोक काय म्हणतील, आपल्या घरात असलं काही कुणी केलं नाही, वगैरे सगळं म्हणून झालं. मग ती त्या जड जिभेनं म्हणाली, "आजीनं तं केलं होतं. मामानं सांगितलं मले." मी खाली बसले. इतकी वर्षं मी तिला तुझ्याबद्दल किती गोष्टी सांगितल्या. तुझी धान रोवायची घाई, तुझा पोहण्याचा नाद, तुझं बाबांना टोमणे मारणं. ही एक गोष्ट तेवढी गाळत आले होते. मला तिची लाज वाटायची, माय. देवाधर्माची लाज नाही. का ते तुला माहीत आहे.

मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. तुला हे सगळं काय सांगायचं, तू ते जगलीस, पण मी तिला सांगितलं तसंच इथे लिहिते. आपलं गाव कोरचीच्या बाजूचं, छत्तीसगडला लागून. चैत्रात देवीसमोर टोपल्यांत गहू पेरायचे, अंधाऱ्या खोलीत नऊ दिवस वाढवायचे, पिवळे लांब कोंब यायचे, ते जवारे. नवव्या दिवशी बाया त्या टोपल्या डोक्यावर घेऊन बोडीकडे, गावच्या तळ्याकडे निघायच्या, जवारे पाण्यात शिरवायला. आणि त्यांच्या पुढे बाना घेतलेले. बाना म्हणजे टोकदार लोखंडी सळई, जिभेतून नाहीतर गालातून आरपार घातलेली, टोकाला लिंबू खोचलेलं. ज्याचा नवस असेल तो घ्यायचा. बहुतेक गडीच घ्यायचे. बायांत तू एकटी.

आणि तुझा नवस माझ्यासाठी होता. मी बोलत नव्हते. माझ्या वयाची पोरं भांडायला लागली तरी मी नुसती बोटं दाखवायची. तू देवीसमोर म्हणालीस की पोरीला वाचा फुटली तर दर चैत्रात माझ्या जिभेत बाना घेईन. वाचा फुटली. आज माझं पोट त्या वाचेवर चालतं.

मला दिसतंय ते. पूजा सांभाळणारा पंडा समोर उकिडवा बसलाय. मांदर वाजतोय, देवीची गाणी चढत चाललीत. तू नऊ दिवस अळणी जेवून वाळली आहेस, पण चेहरा असा की जणू माहेरी निघालीस. पंडा फडक्यानं तुझी जीभ धरतो, होमाची राख चोळतो, डोळे मिटतो आणि बाना घालतो. तुझी पापणी हलत नाही, वरच्या ओठावर फक्त घाम येतो. मी तुझा पदर मुठीत धरून बोडीपर्यंत चालते. तिथे पाळीवर, पाण्याच्या काठाशी, बाना निघतो, जखमेवर राख दाबली जाते, आणि तू तोंड उघडून सगळ्यांना दाखवतेस. रक्त नाही. बाया तुझ्या पाया पडतात. घरी आल्यावर मी मागे लागते, दाखव नं माय, आणि तू जीभ काढून वेडावतेस. मधोमध एक काळसर ठिपका. "दुखत नाई वं बाई. माता धरून ठेवते."

पुढचे काही दिवस तुझी सरबराई मी करायची. निंबाचा पाला उकळून त्या पाण्याच्या गुळण्या, गार केलेली पेज, तिखट बंद, गरम बंद, डोक्याखाली गोधडीची उंच घडी. दातांना ती तंबाखूची गुडाखू घासणंही बंद. बाबा म्हणायचे, जवारे वर्षातून दोनतीनदा तरी यायला पाहिजेत, तेवढीच हिची गुडाखू सुटते. पोरीनं तिच्या पिशवीतून जीभ टोचणाऱ्या दुकानानं दिलेल्या सूचना काढून मला वाचून दाखवल्या तेव्हा मला हसूच आलं. मिठाच्या पाण्यानं गुळण्या, बर्फ, गार पातळ खाणं, तिखट नाही, दारू तंबाखू नाही, उशी उंच, मण्याशी चाळा करायचा नाही. सूज उतरली की जाऊन लांब दांडी काढायची, आखूड घालून घ्यायची. "हे तं आजीचंच आहे सगळं," मी म्हटलं. तिला केवढं आवडलं ते. लगेच म्हणाली, "मग तू माझी पेज कर."

पेज करताना मी तिला विचारलं. इतका वेळ जिभेवर होतं तेच विचारलं. "टोचलं तवा रक्त आलं होतं का वं?" त्यावर तिनं जे सांगितलं, त्याच्यासाठी हे पत्र आहे.

टोचणाऱ्या बाईनं आधी तिला जीभ वर उचलायला लावली आणि बॅटरी मारून खालची बाजू नीट पाहिली. "जिभेच्या खाली दोन निळ्या शिरा असतात आई, दोन्ही बाजूंनी. आरशात बघ, तुलेही दिसतील. त्या चुकवून मधोमध टोचलं तं रक्त फारसं येतच नाही. शीर लागली की मग थांबत नाही. कुणाच्या शिरा जवळजवळ असल्या तं ती टोचतच नाही, वापस पाठवते." मग पेनानं खूण केली, चिमट्यानं जीभ धरली, हातमोजे, नवी सुई, एक लांब श्वास. संपलं. पोरगी आपल्या तंद्रीत सांगत होती आणि माझ्या हातातली पळी तशीच पातेल्यात थांबली होती.

तू अखेरचा बाना घेतलास त्या वर्षी मी शेवटच्या वर्गात होते, गावच्या शाळेतल्या. पंडा तोच, राख तीच. त्यानं बाना घातला आणि तुझ्या हनुवटीवरून रक्ताची धार लागली. आधी कुणाला कळलंच नाही, गाणी चालू होती. मग तुझ्या पोलक्यापर्यंत आली आणि मांदर थांबला. पंड्यानं राख दाबली, पुन्हा दाबली, थांबेना. मग तो उभा राहिला आणि तुझ्याकडे न बघता लोकांना म्हणाला, "बाईचं काईतरी चुकलं असन. साफ मनाच्या माणसाले माता रक्त येऊ देत नाई." बाना तुझ्या जिभेत होता, तुला बोलता येत नव्हतं. तू नुसती मान हलवत होतीस, नाही, नाही. काकू पुढे आली. "खरं सांग वं, विटाळाची तं नाई आलीस?" तू मान हलवलीस. "मग दुसरं काई असन," कुणीतरी मागून म्हटलं, आणि दोघीतिघी हसल्या. तशाच रक्तानिशी तू बोडीपर्यंत चाललीस. पदर मी धरला होता की नाही, ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे धरला नसणार.

पुढच्या वर्षीपासून तुला टोपलीही उचलू दिली नाही. बाबा वाईट नव्हते, पण तेही बरेच दिवस खळ्यावर निजायला गेले. "जे असन ते असन, आता विषय नको," एवढंच म्हणाले. म्हणजे काहीतरी असणारच, हे त्यांनीही धरलं. आणि मी? तुझी जीभ इतकी सुजली होती की पेजही गळ्याखाली उतरत नव्हती. मी वाटी घेऊन तुझ्यापाशी बसले आणि विचारलं, "माय, तू केलं तरी काय?" तू माझ्याकडे बघितलंस. बोलायला गेलीस, आणि जमलं नाही. सूज उतरल्यावर मी पुन्हा विचारलं नाही आणि तूही कधी विषय काढला नाहीस. तुझं ते गप्प बसणं मी कबुली धरलं. पुढे कितीतरी वर्षं मी तुझ्यावर नजर ठेवून होते. दुकानदार तुझ्याशी हसून बोलला की मी त्याच्याकडे बघायची. तुझ्या भावाचा मित्र घरी आला की मी पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः पुढे व्हायची. विज्ञान शिकले, शिकवायला लागले, पोरांना रक्ताभिसरणाची आकृती फळ्यावर काढून दाखवत होते, निळ्या खडूनं शिरा आणि लाल खडूनं धमन्या. आणि घरी आले की तुझ्याकडे तसंच बघायची.

तू गेलीस त्या सकाळी तुझ्या तोंडात पाणी घालायला मीच होते. तोंड थोडं उघडं होतं, जीभ दिसली. मधला ठिपका दिसला, ओळखीचा. आणि त्याच्या बाजूला, डावीकडे, दुसरा एक. तो मी आधी कधी पाहिला नव्हता, कारण त्या वर्षानंतर तू मला जीभ काढून कधी वेडावलंच नाहीस. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. परवा पेजेच्या पातेल्यापुढे लागला. दरवर्षी टोचून मधली जागा निबर झाली होती, म्हणून पंड्यानं बाना बाजूला सरकवून घातला. बाजूला शीर होती. बस्स, माय, एवढंच. तुझं काही चुकलं नव्हतं. त्याचा हात धानाच्या दोन दाण्यांइतका सरकला, आणि तुझी सगळी पुढली वर्षं मान खाली घालून गेली.

पोरीनं पेज पिता पिता विचारलं, "मग आजीनं बंद काऊन केलं?" मी सांगितलं. पंडा काय म्हणाला, काकू काय म्हणाली, बाबा काय म्हणाले. ती चिडली, त्या सुजलेल्या जिभेनंच पंड्याला शिव्या घातल्या. मग वाटी खाली ठेवून म्हणाली, "आणि तू? तू काय म्हणाली होतीस तवा?" मी म्हटलं, मी लहान होते. आणि चहा ठेवायला उठले. तिला गरम चालत नाही हे मघाशीच ऐकलं होतं तरी.

तुला वाचता येत नव्हतं. तुझ्या भावाची पत्रं यायची ती मीच तुला वाचून दाखवायची, आणि तू मधेच थांबवून म्हणायचीस, "हे पुन्हा वाच." मी ठरवलं होतं की हेही तसंच वाचायचं. पोरीला घेऊन गावी जायचं, बोडीच्या पाळीवर बसायचं आणि मोठ्यानं वाचायचं, कुणी ऐकलं तर ऐकू दे. शिरेबद्दलचं तर दोनदा वाचायचं. पण लिहिता लिहिता मी एक गोष्ट गाळत आले आहे, आणि ती गाळून वाचलं तर ते तुला पुन्हा फसवणं होईल.

मी पोरीला विचारलं होतं ना, रक्त आलं होतं का म्हणून. तिनं शिरांचं सांगितलं ते नंतर. आधी ती म्हणाली, "नाई. एक थेंब नाई." आणि त्या घटकेला, माय, मला इतकं बरं वाटलं. माझी पोरगी चांगली आहे, असं वाटलं. तिचं काही चुकलेलं नाही, असं वाटलं.